लेहरा नसताना सम कुठं धरायची? विद्यापीठात चेंबर ऑर्केस्ट्रा आणि नृत्याचा कार्यक्रम पहिल्यांदा बसवणाऱ्यांसाठी

पहिल्या वर्षी आम्ही हा उद्योग अंगावर घेतला, तेव्हा कथक नाचणाऱ्या सहा जणींनी सहा आठवडे मोबाइलवरच्या रेकॉर्डिंगवर तालीम केली होती. ऑर्केस्ट्रा त्यांच्यासमोर पहिल्यांदा आला तो शुक्रवारी संध्याकाळी; प्रयोग रविवारी. रेकॉर्डिंग युरोपातल्या कुठल्याशा व्यावसायिक मंडळींचं, झपाट्याचं. आमची व्हायोलिनवाली पोरं तोच तुकडा जपून जपून वाजवत होती. मुलींची तिहाई (तीनदा घेऊन समेवर संपणारा तुकडा) संपली, त्या समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, येऊन थांबल्या, आणि ऑर्केस्ट्रा आणखी दीड बार (पाश्चात्य संगीतातला मात्रांचा छोटा गट) वाजतच राहिला. त्यातल्या एकीनं माझ्याकडे असं पाहिलं की मी सरळ नोटेशनच्या कागदांत तोंड खुपसलं.

त्यानंतर आणखी तीनदा हा कार्यक्रम बसवला. पुण्यातल्या कॉलेजात किंवा विद्यापीठात कुणी पहिल्यांदाच असं काही करू पाहत असेल, तर कुठून सुरुवात करावी ते क्रमानं सांगतो. सभागृह, पोस्टर, पाहुणे यांच्या मागे लागण्याआधी एक प्रश्न सोडवून घ्या: लय कोण धरणार? कथकमध्ये ती लेहऱ्यावर, म्हणजे सतत फिरणाऱ्या एकाच सुरावटीवर, धरलेली असते; ऑर्केस्ट्रात तो नसतो. आमचं जे जे बिघडलं ते या प्रश्नाला बगल दिल्यामुळे.

आधी माणसं मोजा

पुण्यात नाचणारे शोधावे लागत नाहीत. कथक नर्तकी रोहिणी भाटे यांनी १९४७ साली नृत्यभारती ही संस्था सुरू केली; आता इथे कथकच्या शिष्यांच्या शिष्यांचेही वर्ग चालतात. भरतनाट्यमचीही उणीव नाही. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात, म्हणजे १९८७ साली सुरू झालेल्या गुरुकुलात, नृत्य, संगीत आणि नाट्य एकाच आवारात शिकवलं जातं.

अडचण येते ती तंतुवाद्यांची. पाश्चात्य पद्धतीचं व्हायोलिन वाजवणारी मुलं असतात, पण ती दिसत नाहीत. ट्रिनिटीच्या (लंडनच्या संगीत महाविद्यालयाच्या) ग्रेडच्या परीक्षा देऊन झाल्या की इंजिनिअरिंगला जातात आणि वाद्य कपाटावर जातं. नोटीस लावून ती सापडत नाहीत. कॅम्पातल्या माझदा हॉलला पूना म्युझिक सोसायटीचा कार्यक्रम असला की जा आणि मध्यंतरात शेजारच्याशी बोला. आमचे दोन्ही चेलोवाले असेच मिळाले. निदान पाचव्या ग्रेडपर्यंत पोचलेला वादक हवा. त्याखालचा असेल तर त्याला दुसऱ्या व्हायोलिनच्या गटात, अनुभवी माणसाच्या शेजारी बसवा.

चार पहिली व्हायोलिनं, चार दुसरी, दोन व्हायोला (व्हायोलिनहून जरा मोठं), दोन चेलो (बसून वाजवायचं, खालच्या सुरांचं), एक डबल बास (सगळ्यांत मोठं). झाले तेरा. व्हायोलावाले मिळाले नाहीत तर हबकू नका. विद्यार्थ्यांसाठीच्या बऱ्याच स्कोअरमध्ये (सगळ्या वाद्यांच्या लिखित नोटेशनमध्ये) व्हायोलाच्या जागी 'तिसरं व्हायोलिन' लिहिलेलं असतं, ते घ्या. डबल बास मात्र सोडू नका. नाचणाऱ्याच्या पायाखाली जमीन असते ती त्याच वाद्याची. ते वाद्य रिक्षात मावत नाही, टेम्पो करावा लागतो. आमच्या कार्यक्रमातला एवढा एकच टेम्पो पहिल्यापासून ठरलेला होता!

तेरा हा आकडा चिमुकला वाटत असेल तर एक सांगतो. अमेरिकन संगीतकार अॅरन कोपलंडनं नर्तकी मार्था ग्रॅहॅमच्या नृत्यासाठी केलेलं 'अॅपलेशियन स्प्रिंग' १९४४ साली वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये पहिल्यांदा सादर झालं, ते तेराच वादकांवर. तिथला हॉल लहान होता. मोठ्या ऑर्केस्ट्राचं रूप नंतर आलं.

तुकडा निवडताना

नवख्यांची पहिली चूक म्हणजे आवडतं आणि अवघड काहीतरी निवडणं. त्याऐवजी ज्यात आवर्तन, म्हणजे तालाची पुरी फेरी, सापडेल असं काही शोधा. कथकच्या मुलींबरोबर पहिला तुकडा म्हणून मी पाखेलबेलचा 'कॅनन' सुचवेन. लग्नाच्या व्हिडिओंनी त्याचा चोथा केलाय, हे मान्य. तरी एकदा मोजून बघा. मूळ रचना तीन व्हायोलिनं आणि खालच्या सुरांच्या साथीसाठी आहे. खाली आठ सुरांची एकच ओळ दोन बारांत वाजते आणि ती २८ वेळा जशीच्या तशी फिरते. चेलो आणि बासला अख्ख्या तुकड्यात दुसरं काम नाही. कथकवाल्याला हे सांगितलं की तो लगेच म्हणतो, अरे, हा तर लेहरा! खरंच तसं आहे. एका सुराला एक मात्रा धरली तर २८ गुणिले आठ, २२४ मात्रा. म्हणजे सोळा मात्रांच्या तीनतालाची बरोबर १४ आवर्तनं. शेवटचा सूर पडतो ५७व्या बारच्या पहिल्या मात्रेवर, पंधराव्या आवर्तनाच्या समेवर. पाखेलबेल या जर्मनीतल्या सतराव्या शतकातल्या ऑर्गनवादकाच्या डोक्यात तीनताल नव्हता, पण हिशेब जुळतो.

शिवाय तुकडा डी मेजरमध्ये आहे, म्हणजे आपल्या भाषेत सफेद दोन, पेटीची दुसरी पांढरी पट्टी. तबला घ्यायचा झाला तर सफेद दोनला मिळवलेला चालतो. तानपुरा मात्र घेऊ नका. खालची ओळ सतत जागा बदलते, त्यावर एकच षड्ज धरून ठेवला की काही ठिकाणी कान किटतो.

तीन मात्रांचे तुकडे दादऱ्याला जवळचे वाटतात. वॉल्ट्झचे दोन बार म्हणजे सहा मात्रा. चायकोव्स्कीच्या १८८० सालच्या तंतुवाद्यांच्या सेरेनेडमधला वॉल्ट्झ असाच. पण दादऱ्यात चौथ्या मात्रेला 'खाली', म्हणजे टाळीविना हलकी मात्रा, येते आणि वॉल्ट्झमध्ये प्रत्येक बारची पहिली मात्रा जड असते. पायाला हे कळायला आठवडा जातो. बाखच्या सुइटमध्ये (छोट्या तुकड्यांच्या माळेत) सराबांद, गावोत, जिग ही मुळात नाचांचीच नावं आहेत, त्यामुळे तिथे नृत्य चिकटवल्यासारखं वाटत नाही. फक्त त्यांचे भाग दोन-दोनदा वाजवायचे असतात. कुठला भाग एकदा आणि कुठला दोनदा, हे पहिल्याच दिवशी लिहून घ्या, नाहीतर अर्धा ऑर्केस्ट्रा मागे जातो आणि अर्धा पुढे.

चायकोव्स्कीच्या त्याच सेरेनेडवर नृत्यदिग्दर्शक जॉर्ज बॅलन्शिननं १९३४ साली न्यूयॉर्कजवळ विद्यार्थिनींनाच घेऊन 'सेरेनेड' बसवलं. पहिल्या वर्गाला सतरा मुली आल्या म्हणून सतरा जणींची रचना केली. एक उशिरा आली, एक पडली, ते दोन्ही त्यानं नृत्यात ठेवलं. हाताशी जेवढी माणसं आहेत तेवढ्यांचंच नृत्य बसवावं, हे त्याच्याकडून घेण्यासारखं.

हक्कांचं थोडक्यात. भारतात संगीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं रचनेवर हक्क असतो. पाखेलबेल, बाख, चायकोव्स्की मोकळे. १९७१ मध्ये गेलेला स्ट्राविन्स्की आणि १९९० मध्ये गेलेला कोपलंड अजून नाहीत. प्रेक्षक म्हणून फक्त संस्थेतले विद्यार्थी, कर्मचारी, पालक आणि संस्थेच्या कामाशी जोडलेले लोक असतील आणि सादर करणारेही संस्थेतलेच असतील, तर कायद्यात सवलत आहे. बाहेरच्यांना तिकीट विकणार असाल तर परवाना घ्या. जुन्या रचनांचे स्कोअर आयएमएसएलपी या संकेतस्थळावर फुकट मिळतात, पण एखादी आवृत्ती नव्या संपादकाची नाही ना, ते बघून घ्या.

लय कुणाच्या हातात?

कथक नाचणाऱ्याला लहानपणापासून सवय असते ती अशी: लेहरा एका जागी उभा, तबलजी नजरेत, आणि बोल (तालाचे शब्द) पढून झाले की सगळे तिच्याकडे बघणार. लय ती मागते. ऑर्केस्ट्रात तेरा जण एका माणसाच्या हाताकडे बघतात, आणि तो माणूस स्कोअरकडे. ती मागणार कुणाकडे?

यावर तीन तोडगे निघतात. एक, कंडक्टर मालक. नाचणारे त्याच्या मागे. दोन, नाचणारे मालक. कंडक्टर त्यांच्यावर नजर ठेवून ऑर्केस्ट्रा ओढतो. तीन, तुकड्याचे भाग पाडायचे आणि प्रत्येक भागाला मालक ठरवायचा. 'दोघं मिळून सांभाळू' असं कुणी म्हणालं तर त्याला प्रेमानं चहाला पाठवा. नवख्या ऑर्केस्ट्राला मी पहिला तोडगा सुचवतो, कारण शिकाऊ वादक वेग बदलला की विखुरतात. नाचणारी मुलगी सहसा सावरून घेते. तालाचं शिक्षण तिचं जास्त पक्कं असतं, हे ऑर्केस्ट्रावाल्यांना आवडणार नाही.

खरी ठिणगी पडते ती शेवटाला. पाश्चात्य तुकडा संपत आला की वादकांचा हात आपोआप मंदावतो. स्कोअरमध्ये लिहिलेलं असो नसो, शेवटचे दोन बार ताणायचे हे त्यांच्या अंगातच मुरलेलं असतं. कथकमध्ये उलटं. शेवटाकडे लय चढते, तिहाई घट्ट होत जाते आणि सम आदळते. एक गाडी ब्रेक दाबतेय, दुसरी गिअर टाकतेय. आमचा तो दीड बार इथेच हरवला होता. आता आम्ही पहिल्याच बैठकीत ठरवतो: तिहाई असेल तर शेवट मंदावणार नाही, आणि तसं प्रत्येक वादकाच्या कागदावर लाल पेन्सिलीनं लिहायचं. मंदावणारा शेवट हवाच असेल तर तिहाई आधीच्या आवर्तनात संपवून शेवटचे बार नुसत्या अभिनयाला किंवा ठेहरावाला सोडा. दोन्ही छान दिसतं. दोन्हीची भेसळ मात्र दिसते अपघातासारखी.

सुरुवातही शिकवावी लागते. कंडक्टर पहिल्या मात्रेआधी हात उचलतो. त्या उचलण्यातच येणाऱ्या मात्रेचा वेग असतो. नाचणाऱ्यांना ही रिकामी मात्रा वाचायला बसवा. 'एक' म्हणण्याआधीचा श्वास, असं सांगितलं की पटकन कळतं. मग पुढची गंमत: तंतुवाद्यांचा आवाज हाताच्या किंचित मागे येतो. गज तारेवर धरून सूर फुलेपर्यंत तेवढा क्षण जातो. जी मुलगी हाताकडे बघून पाय टाकते ती आवाजाच्या पुढे पळते. म्हणून आमच्याकडे नियम असा की हात बघायचा तो फक्त सुरुवातीला. नंतर कान चेलोवर ठेवायचा.

दोघांचा एकच कागद

वादक म्हणतात, "बी अक्षरापासून घेऊ" (नोटेशनमध्ये जागा दाखवायला अक्षरं असतात). नाचणाऱ्या म्हणतात, "चक्करांपासून घेऊ." अर्धी तालीम या भाषांतरात जाते. यावर इलाज एकच: तीन रकान्यांचा तक्ता. पहिल्यात बार क्रमांक, दुसऱ्यात आवर्तन, तिसऱ्यात हालचाल. 'कॅनन'चा आमचा तक्ता एका पानावर मावला: बार १ ते ४, पहिलं आवर्तन, प्रवेश, बार ५ ते ८, दुसरं, ठाट (कथकची सुरुवातीची उभी मुद्रा), असं करत शेवटच्या तिहाईपर्यंत. झेरॉक्स काढून सगळ्यांना वाटा, प्रकाशयोजनेच्या माणसालाही.

तालमी

आठ आठवडे धरा. पहिले दोन आठवडे ऑर्केस्ट्रा एकटा. तिसऱ्यात त्यांचंच मोबाइल रेकॉर्डिंग करा: एक हळू, एक ठरलेल्या वेगात, एक जरा चढ्या. सगळं बेसूर असेल, असू दे. नाचणाऱ्यांनी याच तिन्हींवर आलटून पालटून तालीम करायची. इंटरनेटवरचं गोंडस रेकॉर्डिंग ज्या दिवशी बंद केलं त्या दिवसापासून आमच्या मुली ऐकायला लागल्या. तोवर त्या पाठ म्हणत होत्या.

चौथ्या आठवड्यात नाचाचा व्हिडिओ कंडक्टरला द्या. उडी किती वेळ हवेत राहते, चक्करानंतर तोल यायला किती लागतं, हे त्याला स्कोअरमधून कळत नाही. पाचव्यापासून आठवड्यातून एक एकत्र तालीम. यातली पहिली तालीम उभ्यानं नाचायची नाही. सगळ्या जणी ऑर्केस्ट्राच्या मध्ये जमिनीवर बसतात, हातावर ताल धरतात आणि बोलांची पढंत करतात. वादक पहिल्यांदा हसतात. तिसऱ्या फेरीला त्यांचे पायही हलायला लागतात. एवढी एक तालीम चुकवू नका, बाकी एखादी पावसानं बुडाली तरी चालेल.

पावसाचं निघालंच आहे तर: जुलै-ऑगस्टमध्ये पुण्यातल्या दमट हवेत लाकडी खुंट्या फुगून अडकतात आणि व्हायोलिनं मिळता मिळत नाहीत. जमलं तर कार्यक्रम डिसेंबर-जानेवारीत ठेवा. तेव्हा सभागृहं मिळत नाहीत, तो भाग वेगळा.

रंगमंचाची मापं

एका व्हायोलिनवाल्याला गज मोकळा फिरवायला, स्टँडसकट, सुमारे चार बाय चार फूट लागतात. तेरा जणांचे झाले दोनशे चौरस फुटांच्या वर. डबल बासला आणखी थोडी. तीस बाय वीसचा रंगमंच असेल तर नाचायला पावणेचारशेच्या आसपास उरतात. सहा जणी त्यात बसतात, दहा बसत नाहीत.

ऑर्केस्ट्रा मागे बसवला तर कंडक्टरची पाठ नाचणाऱ्यांकडे होते; त्याला काहीच दिसत नाही. पुढे खाली बसवायचा तर आपल्या बहुतेक नाट्यगृहांत खड्डा नसतो, पहिली रांग काढावी लागते आणि मागच्यांना वादकांची डोकी दिसतात. आम्ही नृत्यातले साथीदार बसतात तसा एका बाजूला, तिरका बसवतो. कंडक्टर आतल्या कोपऱ्यात उभा राहतो. मान जराशी वळवली की रंगमंच दिसतो.

आता त्या गोष्टी ज्या कुणी सांगत नाही. खुर्च्या बिनहाताच्या हव्यात. सभागृहातल्या प्लॅस्टिकच्या हातवाल्या खुर्चीत चेलो वाजत नाही. मंडपवाल्याला आधी सांगून ठेवा. चेलो आणि बासच्या खाली टोकदार सळई असते, ती लाकडी रंगमंचाला भोक पाडते. एका सभागृहात त्यावरून ऐन रंगीत तालमीत तासभर वाद झाला आणि चूक आमचीच होती. रबरी बूच किंवा खुर्चीच्या पायाला बांधायचा पट्टा न्या. सतरंजीचा उपयोग नाही, ती सरकते आणि आवाजही पिते. गजाला लावायच्या राळेची पूड खाली पडते आणि अनवाणी पायांना चिकटते; वादकांची जागा आणि नाचाची जागा यांच्यात चिकटपट्टीची रेघ मारा आणि ती कुणी ओलांडायची नाही.

नृत्याला बाजूनं प्रकाश लागतो. तोच प्रकाश बाजूला बसलेल्या वादकांच्या डोळ्यांत जातो. त्या बाजूचे दिवे वर चढवायला सांगा आणि प्रत्येक स्टँडला बॅटरीचा छोटा दिवा लावा. नृत्यदिग्दर्शकाला अंधार हवाच असतो. वादकांना अंधारात नोटेशन दिसत नाही, हे दर वर्षी नव्यानं सांगावं लागतं.

घुंगरं

दोन्ही पायांत शंभर-शंभर घुंगरं बांधून सहा जणींनी तत्कार (पायांचं काम) केला की तेरा वादक ऐकूच येत नाहीत. विशेषतः तारा बोटांनी छेडायच्या जागा तर पार बुडतात. यावर माइक लावणं हा सोपा उपाय वाटतो, पण माइकवर आणलेली व्हायोलिनं सिनेमातल्यासारखी कृत्रिम वाजतात. लहान सभागृह असेल तर माइक टाळाच. घुंगरं पन्नासवर आणा, किंवा हळू भागात तीन जणी बिनघुंगराच्या ठेवा. आमच्या गुरुजींना हे आधी पटलं नव्हतं. रंगीत तालमीत ते शेवटच्या रांगेत जाऊन बसले, दहा मिनिटांनी पुढे आले आणि स्वतःच म्हणाले, "सोडा गं दोघी-तिघी."

प्रयोगाचा दिवस

नाट्यगृहाचं भाडं सत्रावर असतं, तेव्हा दोन तास आधी आत जायला मिळालं तरी नशीब समजा. आधी खुर्च्या आणि स्टँड, मग दिवे, मग वादक, शेवटी नाचणाऱ्या. वातानुकूलन तालमीच्या वेळीच चालू करून ठेवा, कारण थंड हवेत आणि मग दिव्यांच्या उष्णतेत तारांचा सूर हलतो. मध्यंतरानंतर पुन्हा सूर मिळवायला दोन मिनिटं राखून ठेवा. तेव्हा निवेदकानं बोलायचं नाही. एरवीही त्यानं दोन मिनिटांच्या वर बोलू नये. पुण्यात ही अट पाळून घेणं ऑर्केस्ट्रा जमवण्याहून अवघड आहे.

टाळ्यांचं आधीच सांगून टाका. भागांच्या मध्ये टाळ्या वाजवायच्या नाहीत अशी पाश्चात्य सभागृहांतली रीत; तिहाई समेवर आली की दाद द्यायची ही आपली. आम्ही निवेदनात एकच वाक्य ठेवतो: नाच चालू असताना दाद द्या, शेवटचा सूर विरेपर्यंत मात्र थांबा. वादकांनाही बजावून ठेवा, की तिहाईला टाळ्या पडल्या तर दचकून थांबायचं नाही, चेलोकडे कान लावून वाजवत राहायचं.

पडदा पडल्यावर राळेची पूड झाडायला एक माणूस नेमा. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच रंगमंचावर बालनाट्य असतं.